एका ओळीपाशी बसलेली

सगुणा,

तुला माती देऊन आज एकोणीस दिवस झाले. या एकोणीस दिवसांत आपल्या दारावरून गेलेल्या प्रत्येक बाईनं मला थांबवून एकच विचारलं, "आता सकाळचं वचन कोण सांगणार ओ?" तुझ्या आणि माझ्या दारात हातभर अंतर नाही. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. माझे वडील पाळक होते. रविवारी उपासनेत मी शास्त्रवाचन करते तेव्हा शेवटच्या बाकावरच्या बहिऱ्या म्हाताऱ्यालाही शब्दन् शब्द कळतो. पण "तुम्ही सांगाल का" असं एकीच्याही तोंडून निघालं नाही. शेजारच्या कौसाबाईचा तर आपल्या ख्रिस्ती मंडळीशी काही संबंधसुद्धा नाही. तिनं डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "आता ही गल्ली मुकी झाली, बाई." मी तिच्यासमोर चांगली धडधाकट उभी होते.

पाळकसाहेबांनी स्मरणाच्या उपासनेसाठी तुझ्यावर दोन पानं लिहून मागितली आहेत. तुम्ही सख्ख्या जावा, तुम्हीच लिहा म्हणाले. ती मी लिहीन. त्यात तू श्रद्धाळू असशील, कष्टाळू असशील, आजाराला हसत तोंड देणारी असशील, आणि त्यातलं काहीही खोटं नसेल. हे लिहिते आहे ते मात्र तुला एकटीला. मला तुझा हेवा वाटायचा, सगुणा. वाटायचा कसला, अजून वाटतो. माणूस जमिनीखाली गेलं की निदान हेवा तरी संपावा, पण माझा संपला नाही.

जावा-जावांत जे चालतं ते आपल्यात कधी झालं नाही, हे तुलाही माहीत आहे. तुझ्या घरात फ्रीज आधी आला, तेव्हा मी बर्फाला हक्कानं यायचे. तुझी शीला माझ्या मुलापेक्षा हुशार निघाली, तर मी पेढे वाटले, कारण तिचा पाया मीच घेतला होता. सासूबाई शेवटी शेवटी तुझ्याच हातचं पाणी मागायच्या, त्याचंही मला काही वाटलं नाही, उलट सुटका झाली. मी जळले ती एकाच गोष्टीवर. सकाळी मागच्या दारात, पिठाच्या डब्यावर शास्त्र उघडून बसलेली तू, आणि तेव्हाचं तुझं तोंड.

आणि तुला वाचायला शिकवलं कुणी? मी.

तू तामलवाडीहून लग्न होऊन येडशीला आलीस तेव्हा अंगठा उठवत होतीस. माहेर मंडळीतलंच, गीतं सगळी तोंडपाठ, पण सातव्या वर्षी हातात खुरपं आलं ते काही सुटलं नाही. मी ढोकीच्या शाळेतून दमून यायचे, आणि तू चहाचा कप पुढं करून उभी राहायचीस. एक दिवस म्हणालीस, "आक्का, मला येष्टीची पाटी वाचाय शिकवा. दर येळी इचारावं लागतंय, लाज वाटती." तेव्हा पाटीवर उस्मानाबाद असायचं. त्या पाच अक्षरांनी तुझे तीन आठवडे घेतले. पाटीवर पुढं धाराशिव आलं तेव्हा तू कुरकुरलीस, "मला जमल्यावरच बदलाय सुचलं का ह्यास्नी?"

पाटीनंतर मी शास्त्र पुढं ठेवलं. पहिली सबंध ओळ तू वाचलीस त्या संध्याकाळी अंगठा ओळीखाली धरून तू इतका वेळ घेतलास की चुलीवरचं वरण उतू गेलं. मला आनंद झाला होता, खरंच झाला होता. मी म्हटलं, "शाबास, आता पुढची." तर तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "थांबा आक्का. ह्यात काय म्हणलंय ते आदी बगू द्या." मला वाटलं, दमली बिचारी. वर्गात अशी मुलं असतात, पुढं ढकलावी लागतात.

पण तू पुढं गेलीच नाहीस. पंचवीस वर्षांत तुझं वाचन एका ओळीच्या पुढं सरकलं नाही. पहाटे नळाचं पाणी भरून झालं की तू बसायचीस. एक ओळ मोठ्यानं, मग तीच पुन्हा, मग तीच हळू. मग डोळे मिटून दोन वाक्यं देवाशी, तीही शेजारणीशी बोलावं तशी. मी भिंतीपलीकडून ऐकायचे. "बाबा, ही वळ माज्यासाठी हाय असं दिसतंय. पर मला पटंना झालीय, काय करू?" एवढंच. त्यानंतर नुसती बसून राहायचीस. मग उठून कामाला लागलीस की ती ओळ तुझ्याबरोबर फिरायची. धुणं धुताना, गिरणीवर दळण ठेवताना, शीलाची वेणी घालताना. दुपारपर्यंत अर्ध्या गल्लीला ती कळलेली असायची. कौसाबाई भाजीचा भाव विचारावा तशी कुंपणावरून विचारायची, "सगुणा, आज काय निघालंय गं?" आणि तू सांगायचीस. तिच्या सुनेला दिवस राहत नव्हते तेव्हा ती रोज विचारायची.

माझी पद्धत तुला माहीत होतीच. कपाटाच्या दाराला आतून तक्ता चिकटवलेला. रोज तीन अध्याय, रविवारी पाच, वाचून झालं की लाल पेनानं खूण. वर्षाखेरीला शास्त्र पुरं. असं माझं एकोणतीस वेळा वाचून झालं आहे. माझ्या माहेरी मुलं दात घासायला शिकण्याआधी वचनं पाठ करायची. पाठांतराच्या स्पर्धेत मी कधी दुसरी आले नाही. कुठलंही वचन विचार, मी अध्याय आणि ओवीच्या आकड्यासकट सांगते. पण कुणी विचारलं असतं की बाई, देव तुमच्याशी कधी बोलला का, तर मला दुसरीकडं बघावं लागलं असतं. ही माझी भीती होती, सगुणा, आणि ती मी ना यांना सांगितली, ना पाळकांना. देव या घरी येतो तो तुझ्या दारानं येतो, आणि मला भिंतीवरून नुसता आवाज येतो, असं मला वाटायचं. आयुष्यभर ज्याचं पुस्तक हातात धरलं त्यानं माझ्याकडं एकदाही वळून बघितलं नसेल, तर मग मी इतकी वर्षं काय केलं?

म्हणून मी तुला तक्ता दिला. नव्या वर्षाच्या उपासनेहून परत येताना, जीपमध्ये, सगळ्यांसमोर. म्हटलं, ख्रिस्ती माणसानं सबंध शास्त्र एकदा तरी वाचलं पाहिजे, एकेका ओळीनं तुझ्या किती जन्मांत होणार? तू मुकाट्यानं घेतलास. मी थोरली, मी शिकवलेली, मी सांगितलं म्हणजे झालं. मग तू नळावर वाचायला लागलीस, दूध तापवताना वाचायला लागलीस, दूध रोज करपायला लागलं. कौसाबाईनं कुंपणावरून विचारलं तर म्हणालीस, "आज लई निघालंय गं, सांगाय येळ न्हाय." ते ऐकून मी घरात हसले होते.

ईस्टरच्या सणाच्या आसपास तू भर दुपारी आलीस आणि तक्ता माझ्या टेबलावर ठेवलास. तुझ्या तोंडावर काही उरलं नव्हतं. म्हणालीस, "आक्का, ह्या कागदापायी म्या देवाच्या दारावरनं रोज पळत जाते. त्यो आतनं बगत असंल, ही सगुणा कुठं निगाली येवड्या घाईनं." आणि रडलीस. मी तुला पाणी दिलं. पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "सवय होईल. मलाही सुरुवातीला असंच व्हायचं." आणि आत, अगदी आत, मला बरं वाटलं. आता आपण दोघी सारख्या, असं वाटलं. मी तो तक्ता उचलून पुन्हा तुझ्या हातात दिला. तू घरी जाऊन तो कुठं टाकलास कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी पहाटे भिंतीपलीकडून एकच ओळ ऐकू आली, तीन वेळा, आणि मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

त्यावरून आपलं भांडण कायमचं राहिलं. मी म्हणायचे, देवानं एवढं मोठं शास्त्र दिलं ते काय तुला एका ओळीत बसून राहायला? तू म्हणायचीस, "तुमचं खरं हाय आक्का." तुझं हे "खरं हाय" मला कधी सहन झालं नाही. वाद घालणारीला हरवता येतं.

आणि धाराशिवच्या महिला मेळाव्याचं. ते तर तुला सांगायलाच हवं, कारण तू मला त्याबद्दल कधीच विचारलं नाहीस.

रोजच्या वाचनावर तू चार शब्द बोलावेस असं महिला मंडळानं ठरवलं. माझ्याकडं निरोप आला की सगुणाबाईंची तयारी करून घ्या. इतकी वर्षं रोज वाचणारी मी, आणि मला तयारी करून घ्यायला सांगतात! मी तुला दोन पानं लिहून दिली. सुंदर लिहिली होती. पण त्यात मी असे शब्द घातले, अशी लांबलचक वाक्यं घातली, की मी स्वतः ती वाचताना दोनदा श्वास घेतला असता. हे मी मुद्दाम केलं का? त्या वेळी विचारलं असतंस तर मी शपथेवर नाही म्हटलं असतं. आज म्हणते, व्हय. मला माहीत होतं की तू लोकांसमोर अडखळशील. मला ते बघायचं होतं.

तू अडखळलीस. दुसऱ्याच वाक्याला. मागच्या बाकांवर कुजबूज सुरू झाली. तू एकदा माझ्याकडं पाहिलंस, मी मान हलवली, वाच वाच म्हणून. मग तू कागदाची घडी घातलीस, कमरेला खोचलीस आणि म्हणालीस, "आक्कानं लई चांगलं लिवलंय, पर माज्या तोंडात ते मावंना. म्या आपलं माजं सांगते. आपून हुरडा खाया बसतो तवा कुणी सगळं रान खातं का? एक कणीस घ्यायचं, आगटीत भाजायचं, हातावर चोळायचं. चटका बसतो. फुंकर मारून कोंडा उडवायचा आन् गरम गरम तोंडात टाकायचं. म्या तशी एक वळ घेते. चोळते. मला तर बाई रोज चटका बसतो. कवा कवा दिसभर चोळून बी दाणा निगत न्हाय. मग दुसऱ्या दिशी तीच घेते." आणि खाली बसलीस.

सगळ्या बायका डोळे पुसत होत्या. मी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांबरोबर आणि सगळ्यांपेक्षा जोरात. परतताना जीपमध्ये तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलीस. तुझ्या कमरेची ती घडी माझ्या अंगाला टोचत होती.

साखरेनं तुझे पाय धरले, मग डोळे. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता अक्षर दिसणार नाही. त्या संध्याकाळी मी तुला म्हटलं, "काळजी करू नको, सकाळी मी येऊन वाचत जाईन." ते मायेनं म्हटलं होतं. पण त्यात हेही होतं की आता मला जवळून बघायला मिळेल. इतकी वर्षं भिंतीपलीकडं जे चालतं ते काय आहे, ते माझ्या डोळ्यांनी बघेन.

दोन वर्षं मी रोज आले. तुझ्या मागच्या दारात बसले. मी वाचायचे, स्वच्छ, स्वल्पविरामासकट. पहिल्या नाहीतर दुसऱ्या ओळीला तू म्हणायचीस, "थांबा, आक्का." मी थांबायचे. "परत एकदा." मी परत वाचायचे. मग तू डोळे मिटायचीस, आणि मला तिथं बसून राहावं लागायचं. काय करणार, उठले तर तुला पायांचा आवाज जायचा. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. पलीकडच्या रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून ढोकीकडं जायचे आणि तुझ्या तोंडावरची माशीही हलायची नाही. मी तुझ्या तोंडाकडं बघत बसायचे. कसा तरी कुठून तरी त्यातला एखादा कण माझ्याही अंगावर पडेल म्हणून बघायचे, आणि पडत नाही म्हणून चिडायचे. मनात भाजीची यादी करायचे. तू डोळे उघडायचीस आणि म्हणायचीस, "चला, आक्का. दिस उजाडला." मला तर तो कधीच उजाडलेला दिसत होता.

एकदा न राहवून विचारलंच. "सगुणा, खरं सांग. तुला काय ऐकू येतं?" तू हसलीस. "ऐकू याला त्यो काय रेडिओ हाय का, आक्का? काय ऐकू येत न्हाय. बसते नुस्ती." माझा विश्वास बसला नाही. मला वाटलं, ही लपवते. स्वयंपाकातलं गुपित सांगायचं नसलं की बायका म्हणतात ना, काही नाही हो, नेहमीचंच घातलं, तसं मला वाटलं. त्यानंतर दोन दिवस मी तुझ्याशी तुटक बोलले.

तुझ्या शेवटच्या सकाळी मला घाई होती. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याची मुदत जवळ आलेली, धाराशिवला बँकेत लवकर नंबर लावायचा होता. मी उभ्या उभ्याच शास्त्र उघडलं. तू पहिल्याच ओळीला म्हणालीस, "थांबा, आक्का." मी म्हटलं, "आज थांबायला वेळ नाही गं." आणि पूर्ण अध्याय वाचून काढला, एका दमात, बातम्या द्याव्यात तसा. संपल्यावर म्हणालीस, "तुमी जावा आक्का, गाडी चुकंल. म्या हाय हितंच, पयल्या वळीपाशी." मी गेले. बँकेत बाईनं माझा अंगठा यंत्रावर घेतला आणि सांगितलं की झालं, आता वर्षभर काळजी नाही. चारच्या सुमाराला परत आले तर तुझ्या दारात चपलाच चपला.

ती ओळ कोणती होती हे मी कुणाला सांगणार नाही. पाळकांनी दोनदा विचारलं, मी म्हटलं आठवत नाही. एवढं एक तरी माझ्याजवळ राहू दे.

तुझ्या मातीनंतर शीलानं तुझं शास्त्र माझ्या हातात दिलं. म्हणाली, आईनं सांगितलं होतं, आक्काला द्या. दार लावून घेऊन मी ते चोरासारखं तपासलं. खुणा शोधल्या, दुमडलेली पानं शोधली, मध्ये एखादी चिठ्ठी. इतकी वर्षं तू जे लपवलंस ते इथं सापडणार अशी माझी खात्री होती. काही नव्हतं, सगुणा. एक रेघसुद्धा नाही. काही पानांना पीठ लागलेलं, बोटांचे डाग, एका ठिकाणी हळद. आणि कितीतरी पानं एकमेकांना चिकटलेलीच, छापखान्यातून आली तशी. अर्धं शास्त्र तू उघडलंच नव्हतंस. मला आधी जिंकल्यासारखं वाटलं. मी मोठ्यानं म्हणाले, "बघ!" मग ते कुणाला म्हणाले ते कळलं आणि त्या पिठाच्या डागांवर डोकं ठेवून मी रडले. तुला माती देताना मी रडले नव्हते. लोकांना वाटलं, बाई किती खंबीर.

शीला लातूरला परत जायच्या आदल्या दिवशी माझ्याकडं जेवली. तिला मी सहज विचारावं तसं विचारलं, "तुझी आई सकाळी बसायची तेव्हा काय चालायचं तिचं, तुला कधी बोलली का?" शीला म्हणाली, "मी विचारलं होतं मोठ्या आई, तिचे डोळे गेल्यावर. देव तुझ्याशी काय बोलतो म्हणून. तर म्हणाली, बोलत न्हाय गं त्यो. शेजारी येऊन बसतो. आक्का कशा येऊन बसत्यात, तसा. त्या आतून धुमसत असत्यात, माज्यावर कशाचा तरी राग हाय त्यांचा कवापासून, पर एक दिस चुकवत न्हाईत. आक्का असं येऊन बसाय लागल्यापासून मला देवाचं बसणं जास्ती कळाय लागलं."

माझ्या हातातला घास ताटात पडला. शीला म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "मिरची लागली."

म्हणजे तुला सगळं माहीत होतं. राग माहीत होता, धुमसणं माहीत होतं. त्या मेळाव्यातल्या कागदाचंही माहीत होतं का गं? असणार. आणि तरी माझ्या खांद्यावर झोपलीस. मी दोन वर्षं तुझ्या तोंडाकडं टक लावून देव शोधत होते, आणि तू डोळे मिटून माझ्याच पायांचा आवाज ऐकत होतीस. या गोष्टीनं मला हलकं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मला तुझा राग आला. हे एक वाक्य तू मला सांगितलं असतंस तर मी त्या दिवशी बँकेची गाडी सोडून दिली असती. "तुमचं खरं हाय आक्का" एवढंच म्हणत राहिलीस जन्मभर.

तू गेल्यापासून मी माझे तीन अध्याय वाचायचा प्रयत्न करते. जमत नाही. पहिल्या ओळीनंतर कान आपोआप वाट बघतात. कुणी थांबवत नाही, आणि पुढं जाववत नाही. माझ्या घरी दर बुधवारी मंडळीतल्या बायकांचं वाचन असतं, त्याला येऊ का विचारत होत्या, त्यांना मी हो-नाही काही म्हटलेलं नाही. यांना वाटतं मी अशक्त झाले आहे, म्हणून रोज सकाळी खजूर आणून ठेवतात.

आज पहाटे तुझ्या मागच्या दारात जाऊन बसले. दीर अजून झोपेत होते. तुझं शास्त्र उघडलं आणि तीच ओळ वाचली, जिच्यावरून मी त्या दिवशी पळाले. तीनदा वाचली. मग प्रार्थना करायला डोळे मिटले. माझी प्रार्थना तुला ठाऊक आहे, वडिलांनी घडवलेली, आधी उपकारस्तुती, मग पापांगीकार, मग आजाऱ्यांची नावं. यातलं काही तोंडात येईना. जे आलं ते असं आलं. "देवा, पंचवीस वर्षं मी हिच्यावर जळले, कारण तुझं हिच्याशी जमायचं. आता ती तुझ्याकडं आहे, आणि मी तुझ्यावर जळते आहे. ती माझी होती. तिला अक्षर मी शिकवलं. तिला सकाळी आता कोण वाचून दाखवतं? तू वाचतोस? ती म्हणाली तर थांबतोस ना तिच्यासाठी? मी त्या दिवशी थांबले नाही. तिला सांग. मला तिची माफी मागता आली नाही, आणि तुझा हेवा वाटतो मला, फार वाटतो."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्याशी भांडले. आमेन म्हणायचं राहूनच गेलं. पलीकडून यांनी चहाचं दोनदा विचारलं, दिरांनी दार उघडून पाहिलं आणि पुन्हा लोटून घेतलं. ऊन पायरीवर आलं. उत्तर काही आलं नाही, सगुणा, आणि तरी मला तिथून उठावंसं वाटेना.